शिंपल्यावरून ब्लड कॉकल ओळखणे: टेगिलार्का ग्रॅनोसा आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या जाती

खाडीच्या तोंडाशी, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलाच्या कडेला जाड, फुगीर, उभ्या कंगोऱ्यांचे पांढुरके शिंपले सापडतात. इंग्रजी पुस्तकं वाचलेला माणूस त्यांना सरसकट ‘कॉकल’ म्हणतो. बाजारात खुबे, शिवल्या, तिसऱ्या ही नावं गावागणिक एका जातीवरून दुसरीवर सरकतात, त्यामुळे नावावरून जात ठरवता येत नाही. ‘कॉकल’ या एका शब्दाखाली किमान तीन वेगवेगळ्या कुळांतले शिंपले गोळा होतात आणि बहुतेक चुका इथेच सुरू होतात.

या लेखात एकच जात धरली आहे: टेगिलार्का ग्रॅनोसा, म्हणजे ब्लड कॉकल किंवा ब्लड क्लॅम. जीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये तिचं वर्णन आर्का ग्रॅनोसा या नावाने केलं. पुढे बराच काळ ती अनादारा ग्रॅनोसा म्हणून ओळखली गेली आणि मत्स्यविज्ञानाच्या जुन्या अहवालांत आजही ती त्याच नावाने सापडते. तीनही नावं एकाच प्राण्याची आहेत, तेव्हा संदर्भ शोधताना तिन्ही शोधा. पूर्व आफ्रिकेपासून जपान आणि ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उथळ, चिखलट किनाऱ्यांवर ती राहते. भारतात तिची सर्वांत नावाजलेली जागा आंध्रातली काकीनाडा बे. मलेशिया आणि थायलंडमध्ये तिची शेती होते. उत्तर ऑस्ट्रेलियात वीपा इथे आदिवासींनी शेकडो वर्षं खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे मोठाले ढीग उभे आहेत, त्यातला बहुतांश माल हीच जात आहे. शिंपला जाड असल्यामुळे तो टिकतो. म्हणूनच मेलेल्या शिंपल्यावरून ही जात ओळखणं शक्य होतं आणि म्हणूनच त्यात फसगतही होते. त्या फसगतीबद्दल पुढे येईलच.

काय हवं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, ०.१ मिमीपर्यंत मोजणारा व्हर्निअर कॅलिपर, जुना टूथब्रश, टोकदार लाकडी काडी, मऊ पेन्सिल, पातळ कागद आणि एका बाजूने प्रकाश टाकता येईल असा दिवा किंवा टॉर्च. मोबाइलचा कॅमेरा असेल तर त्याच्या चौकटीत नेहमी पट्टी ठेवा. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दोन्ही झडपा (शिंपल्याचे दोन अर्धे भाग) जोडलेला, न फुटलेला एक तरी शिंपला. सुटी झडप चालते, पण मग काही खुणा तपासताच येत नाहीत. फुटक्या तुकड्यावरून जात सांगायला जाऊ नका.

शोधायला अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या ओहोटीला जा. भांगाच्या दिवसांत पाणी पुरेसं मागे जात नाही आणि तुमच्या हाती फक्त वरच्या रेषेवर वाहून आलेला, झिजलेला माल लागतो. ओहोटीचा तळ गाठायच्या तासभर आधी पोचावं आणि पाणी वळलं की चिखलातून निघावं. मऊ चिखलात पाय गुडघ्यापर्यंत रुततो, तेव्हा एकट्याने जाऊ नये.

एक सूचना जिवंत शिंपले गोळा करणाऱ्यांसाठी. ओळख पटवायला चार-पाच नमुने पुरतात. बंदराजवळचे किंवा सांडपाण्याच्या नाल्याजवळचे शिंपले नंतर कालवणात घालू नका. शिंपले पाणी गाळून खातात आणि पाण्यातले विषाणू त्यांच्या अंगात साठतात. १९८८ मध्ये शांघायमध्ये याच कुळातले शिंपले अर्धवट शिजवून खाल्ल्याने सुमारे तीन लाख लोकांना कावीळ झाली होती.

धुण्याआधी बघा

बहुतेक लोक शिंपला हाती आला की घासून चकचकीत करतात आणि त्यात एक खूण कायमची जाते. शिंपल्यावर बाहेरून एक सेंद्रिय साल असते. ग्रॅनोसाची साल पातळ, गुळगुळीत आणि तपकिरी असते. तिच्या जवळच्या नात्यातल्या अनादारा अँटिक्वाटाची साल गडद, दाट आणि मखमली असते, आणि कंगोऱ्यांमधल्या खाचांत राठ केसांसारखे तंतू उभे असतात. किनाऱ्यावर पडून राहिलेल्या शिंपल्यावर ही साल बहुतेक गेलेली असते, पण कडेजवळच्या खाचांमध्ये भिंगाने पाहिलं तर तुकडे सापडतात. ओला असतानाच पाहा. वाळला की साल तडकून पापुद्रे सुटतात.

सालीचा फोटो झाला की मगच साफ करा. साध्या पाण्यात टूथब्रशने घासा, खाचांतला चिखल लाकडी काडीने काढा. सुई किंवा खिळा वापरला की कंगोऱ्यांवरच्या गाठी ओरखडतात. साल पूर्ण काढायची असेल तर घरगुती ब्लीच आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात काही तास ठेवा, मध्ये मध्ये बघत राहा, मग भरपूर पाण्याने धुवा. व्हिनेगर, लिंबू किंवा टॉयलेट क्लीनर अजिबात लावू नका. शिंपला चुन्याचा असतो, आम्लात तो विरघळतो आणि आधी विरघळतात त्या नेमक्या बारीक गाठी. शिवाय ब्लीचमध्ये आम्ल मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो, तो फुप्फुसांना घातक आहे.

रंगावर विसंबू नका. चिखलात प्राणवायू नसतो तिथे लोहाचे सल्फाइड तयार होऊन पांढरा शिंपला काळा किंवा शिसवी होतो. तोच शिंपला उघड्यावर काही महिने राहिला की गंजासारखा नारिंगी होतो. हे डाग जागेचे आहेत, जातीचे नाहीत. मूळ रंग बाहेरून पांढरा आणि आतून पांढरा असतो. आत चोचीखालच्या (चोच म्हणजे बिजागरीजवळचं फुगीर टोक, जिथून कंगोरे निघतात) पोकळीकडे फिकट पिवळी झाक असते.

पहिला प्रश्न बिजागरीला विचारा

शिंपला उघडा आणि दोन झडपा जिथे जोडल्या जातात ती बिजागरीची कड भिंगाखाली धरा. इतर सगळं नंतर. कंगोरे कितीही सारखे दिसोत, बिजागरी कुळ सांगून टाकते.

ग्रॅनोसा ज्या आर्सिडी कुळातली आहे, त्या कुळाची बिजागरी सरळ रेषेत असते आणि तिच्यावर कंगव्यासारखे बारीक, पुष्कळ दात एका ओळीत असतात. मधले दात आखूड, टोकांकडचे थोडे लांब आणि तिरके. बिजागरीच्या रेषेच्या वर, दोन चोचींच्या मध्ये, एक सपाट पट्टा दिसतो. ताज्या शिंपल्यात त्यावर काळसर बंध चिकटलेला असतो. बंध गेला असेल तर तिरप्या, कोनाकृती रेघा दिसतात. ग्रॅनोसात हा पट्टा चांगला रुंद असतो, कारण चोची खूप फुगून वर आलेल्या आणि एकमेकींपासून दूर असतात.

खरे कॉकल कार्डिडी कुळातले. त्यांची बिजागरी वाकडी असते. मधोमध, चोचीखाली, प्रत्येक झडपेत दोनच ठसठशीत दात आणि दोन्ही बाजूंना थोड्या अंतरावर एखाद-दुसरा बाजूचा दात. दातांची ओळ नसतेच. आपल्या किनाऱ्यावर या कुळातले व्हेप्रिकार्डियम सापडतात. त्यांचा शिंपला गोलाकार व तुलनेने पातळ असतो, कंगोऱ्यांवर पातळ पाती किंवा काटे असतात. मिटलेला शिंपला टोकाकडून पाहिला की हृदयाचा आकार दिसतो, पण तोच आकार ग्रॅनोसालाही बऱ्यापैकी येतो, म्हणून त्या आकारावर निर्णय देऊ नका. विशाल ट्रायडॅक्ना शिंपलेही याच कार्डिडी कुळात मोडतात. ते वन्यजीव संरक्षण कायद्याने पहिल्या अनुसूचीत संरक्षित आहेत, लक्षद्वीप-अंदमानात त्यांचा रिकामा शिंपलाही उचलू नये.

तिसरं कुळ कार्डिटिडी, आणि त्यातली आपल्याकडे सर्वांत जास्त फसवणारी जात कार्डाइट्स बायकलर. कंगोरे जाड, संख्या ग्रॅनोसाच्या जवळपास, आकार छोटा आणि भरीव. नवशिक्या माणूस पिशवीभर कार्डाइट्स ‘ग्रॅनोसाची पिल्लं’ म्हणून घेऊन येतो. पण तिची चोच मध्याजवळ नसून जवळजवळ पुढच्या टोकाला सरकलेली असते, कंगोऱ्यांवर तपकिरी चट्टे असतात, आणि बिजागरीवर दातांच्या ओळीऐवजी मोठे तिरके दात असतात. चट्टे उन्हात विटतात, बिजागरी विटत नाही.

दातांची ओळ आहे पण ती सरळ नसून कमानीसारखी वळली आहे आणि शिंपला जवळपास गोल आहे, तर तो ग्लायसिमेरिडी कुळातला. आणि ज्यावर चोचीपासून कडेकडे जाणारे कंगोरेच नाहीत, नुसत्या कडेला समांतर रेघा आहेत, त्या तिसऱ्या आणि त्यांच्या बहिणी. त्या बाजूला ठेवा.

शिंपला धरायचा कसा

पुढे जाण्यापूर्वी दिशा ठरवा, नाहीतर ‘पुढचे कंगोरे’, ‘डावी झडप’ या शब्दांना अर्थ राहत नाही. चोच वर धरा. आर्सिडीत शिंपल्याची एक बाजू आखूड आणि गोलसर, दुसरी थोडी लांब आणि तिरकी उतरलेली असते. आखूड गोलसर बाजू पुढची, तिरकी बाजू मागची. आतल्या स्नायूंच्या दोन वणांनीही ताळा मिळतो: मागचा वण थोडा मोठा असतो. आता बिजागरी वर आणि पुढची बाजू आपल्यापासून दूर अशी पकड. डाव्या हाताकडे आली ती डावी झडप.

स्नायूंचे दोन वण जोडणारी पुसट रेषाही पाहून घ्या. आर्सिडीत ती अखंड जाते. तिसऱ्यांच्या कुळात तिला मागच्या बाजूला आत वळलेली खाच असते, कारण त्या प्राण्यांना आत ओढता येणाऱ्या नळ्या असतात. झिजलेल्या शिंपल्याची बिजागरी तुटली असेल तेव्हा ही रेषा मोठा आधार देते.

कंगोरे मोजणे

आर्सिडी ठरलं की जात ठरवणारी मुख्य खूण म्हणजे कंगोऱ्यांची संख्या. ग्रॅनोसाच्या प्रत्येक झडपेवर १५ ते २० कंगोरे असतात, बहुधा १८ च्या आसपास. अनादारा अँटिक्वाटात ही संख्या साधारण ४०, म्हणजे ३५ ते ४४. अनादारा इनइक्विव्हाल्व्हिसमध्ये बत्तिसाच्या आसपास. टेगिलार्का ऱ्होंबिया या दोहोंच्या खाली आणि ग्रॅनोसाच्या वर, पंचविसाच्या जवळ. आकड्यांत एवढं अंतर असल्याने नीट मोजलं तर शंका फार थोड्या शिंपल्यांबद्दल उरते. पण नीट मोजलं जात नाही, हीच अडचण.

मोजायचं ते कडेजवळ. चोचीजवळ कंगोरे एकत्र येतात आणि तिथेच झीज सर्वांत जास्त असते. प्रकाश एका बाजूने, जवळपास आडवा पाडा. म्हणजे प्रत्येक कंगोऱ्याची सावली पुढच्या खाचेत पडते. पुढच्या बाजूला, बिजागरीच्या कोपऱ्याशी जो पहिला बारीक कंगोरा आहे तिथून सुरुवात करा. दोन्ही टोकांचे कंगोरे अरुंद आणि पुसट असतात, ते हमखास सुटतात आणि संख्या दोन-तीनने कमी येते. दर पाचव्या कंगोऱ्यावर मऊ पेन्सिलीने टिंब द्या. मग मागून पुढे उलटं मोजा. दोन्ही आकडे जुळेपर्यंत लिहू नका. पेन्सिल पाण्याने निघते, बॉलपेन निघत नाही.

आतली कडही मोजून घ्या. ग्रॅनोसाच्या आतल्या कडेला ठळक खाचा असतात आणि त्या बाहेरच्या कंगोऱ्यांशी जुळतात. टोकांना त्या विरतात, म्हणून एखाद-दुसऱ्याचा फरक चालेल. चार-पाचचा फरक आला तर बाहेरून मोजताना चूक झाली आहे. बाहेरची बाजू झिजून सपाट झालेली असेल तेव्हा आतल्या खाचा हाच भरवशाचा मार्ग उरतो. पातळ कागद कडेवर दाबून त्यावर पेन्सिल आडवी घासली तर कंगोऱ्यांचा ठसा उमटतो. वळलेल्या पृष्ठभागावर एका झटक्यात होत नाही, पट्ट्या-पट्ट्यांनी करा. हा ठसा नमुन्याबरोबर जपून ठेवता येतो आणि दुसरा माणूस तो पुन्हा मोजू शकतो.

आणखी एक चूक फार होते. अँटिक्वाटाच्या कंगोऱ्यांवर, विशेषतः पुढच्या अर्ध्या भागात, मधोमध एक अरुंद खाच असते. ती खाच दोन कंगोऱ्यांमधली समजून मोजली की संख्या भलतीच वाढते. फरक असा: दोन कंगोऱ्यांमधली खाच खोल असते आणि कडेवर तिचा आत दाता उमटतो. मधली खाच उथळ असते आणि कडेपर्यंत पोचतेच असं नाही. ग्रॅनोसाच्या कंगोऱ्याला अशी मधली खाच नसते.

वय वाढलं म्हणून कंगोरे वाढत नाहीत. चोचीपासून निघालेले कंगोरे शिंपल्याबरोबर रुंद होतात. म्हणून १५ मिमीच्या पिल्लालाही आणि ६० मिमीच्या प्रौढालाही हीच मोजणी लावता येते.

गाठी

संख्या जुळली की कंगोऱ्याचा आकार पाहा, कारण नुसत्या आकड्यावर नाव लिहिणं धोक्याचं. ग्रॅनोसाचा कंगोरा जाड, उंच आणि त्याच्यावर ठरावीक अंतरावर बसवलेल्या आडव्या, बऱ्याचदा चौकोनी गाठींचा असतो. बोट कडेकडून चोचीकडे फिरवलं की खरखर लागते. दोन कंगोऱ्यांमधली मोकळी जागा रुंद असते, जवळपास कंगोऱ्याइतकी. इनइक्विव्हाल्व्हिसचे कंगोरे याउलट चपटे, बहुतेक गुळगुळीत आणि खाचांपेक्षा रुंद.

गाठी कुठे बघायच्या हेही ठरवून घ्या. चोच हा शिंपल्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत उंच भाग, त्यामुळे वाळूत लोळताना तोच आधी झिजतो. तिथे गाठी नाहीत म्हणून ग्रॅनोसा नाही असं म्हणता येत नाही. पुढच्या बाजूचे कंगोरे आणि कडेलगतचा पट्टा पाहा. मागच्या उतारावर गाठी मुळातच कमजोर असतात. भिंगाने खाचांच्या बाजूंना पाहिलं तर झिजलेल्या गाठींचे पायथे काही वेळा दिसतात.

शिंपल्यावर एखादं सुबक गोल भोक असेल आणि त्याचा बाहेरचा काठ आत उतरत गेलेला असेल, तर ते शिकारी गोगलगायीने, नॅटिसिडी कुळातल्या मून स्नेलने, पाडलेलं आहे. त्याचा जातीशी संबंध नाही. त्या शिंपल्यातला प्राणी कसा मेला एवढंच ते सांगतं.

माप आणि आकार

लांबी म्हणजे पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, बिजागरीच्या रेषेला समांतर. उंची म्हणजे चोचीपासून खालच्या कडेपर्यंत, त्या रेषेला काटकोनात. जाडी म्हणजे दोन्ही झडपा मिटलेल्या असताना सर्वांत फुगीर ठिकाणचं माप. झडप एकच असेल तर तिला सपाट काचेवर पालथी घालून जाडी मोजा आणि ‘एका झडपेची’ असं स्पष्ट लिहा, दुप्पट करून लिहू नका.

ग्रॅनोसा बहुधा ६ सेंमीपर्यंत सापडते, क्वचित ९ सेंमी. लांबी उंचीपेक्षा थोडीच जास्त, साधारण सव्वापट, आणि जाडी उंचीच्या जवळपास जाते. अँटिक्वाटा नेहमी ७ सेंमीपर्यंत, जास्तीत जास्त १०.५ सेंमी. ती मागच्या बाजूला तिरकी ताणलेली आणि लांबुळकी दिसते. ही गुणोत्तरं आधाराची आहेत, निर्णयाची नाहीत. दाटीवाटीने वाढलेले शिंपले आखूड व अधिक फुगीर होऊ शकतात आणि पिल्लांचं प्रमाण प्रौढांहून वेगळं असतं. एकाच जागेचे दहा-वीस शिंपले मोजले तर सरासरीला काही अर्थ येतो.

दोन झडपा जोडलेल्या असतील तर त्या मिटून कडेकडे पाहा. ग्रॅनोसाच्या झडपा सारख्या किंवा जवळपास सारख्या असतात आणि कड घट्ट बसते. इनइक्विव्हाल्व्हिसची डावी झडप मोठी असून उजवीच्या कडेबाहेर डोकावते. नावातच (‘असमान झडपांची’) ते सांगितलं आहे, पण सुट्या झडपेवर ही खूण तपासणं अशक्य. झडपांमध्ये खालच्या कडेला कायमची फट दिसत असेल तर ती बार्बेशिया किंवा आर्का गटातली जात आहे. ते प्राणी धाग्यांनी खडकाला चिकटतात आणि धागे बाहेर पडायला फट लागते. ग्रॅनोसा चिखलात सुटी राहते, तिला फट नसते.

आकडा मधेच आला तर

खरी कसोटी २१ ते २३ कंगोऱ्यांच्या शिंपल्याशी लागते. तो ग्रॅनोसाचा टोकाचा नमुना असू शकतो, ऱ्होंबियाचा कमी कंगोऱ्यांचा असू शकतो, किंवा आग्नेय आशियातून विकत आलेला असेल तर टेगिलार्का नोडिफेरा असू शकतो. नोडिफेरा जास्त लांबट आणि कमी फुगीर असते. अशा वेळी दुसरी झडप मोजा, मग त्याच जागचे आणखी शिंपले मोजा. बहुतेक १७-१९ असतील आणि एखादाच २१ असेल तर तो ग्रॅनोसाच धरायला हरकत नाही. सगळेच २४-२६ येत असतील तर तुमच्या हातात दुसरी जात आहे. एकच झडप असेल आणि आकडा २२, तर ‘टेगिलार्का, जात अनिश्चित’ असं लिहा. त्यात कमीपणा काहीच नाही. चुकीचं नाव मात्र यादीतून यादीत फिरत राहतं आणि ते मागे घेणं फार कठीण.

अनुभवी लोकांचीही यात चूक झालेली आहे. इटलीच्या ॲड्रियाटिक किनाऱ्यावर १९६० च्या दशकाच्या अखेरीस एक परका शिंपला दिसू लागला. अनेक वर्षं तो अनादारा इनइक्विव्हाल्व्हिस म्हणून नोंदला गेला. पुढे जनुकीय तपासणी झाली तेव्हा ती अनादारा कागोशिमेन्सिस ही पूर्व आशियातली जात निघाली. तिथे कंगोऱ्यांची संख्या एकमेकींत मिसळत होती आणि शिंपल्याच्या खुणा पुरत नव्हत्या. ग्रॅनोसाच्या बाबतीत आकड्यांत एवढी गल्लत होत नाही, हे आपलं सुदैव.

जिवंत नमुना उघडला की लाल द्रव निघतो. त्यात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, आणि ‘ब्लड’ हे नाव त्यावरून. पण लाल रक्त अनादारा आणि टेगिलार्काच्या बाकीच्या जातींतही असतं. तेवढ्यावरून ‘ग्रॅनोसा’ म्हणणं चूक. कार्डाइट्स आणि ग्रॅनोसात गोंधळ असेल तर मात्र आधी बिजागरीच बघावी, त्यासाठी प्राणी मारायची गरज नाही.

झिजलेला, जुना, परगावचा शिंपला

जाड शिंपला शतकानुशतकं टिकतो. खाडी उपसल्यावर निघालेल्या गाळात, भरावाच्या मातीत, जुन्या चुन्याच्या भट्टीशेजारी ग्रॅनोसाच्या झडपा सापडल्या म्हणून ती जात आज तिथे जगते असं सिद्ध होत नाही. ताजा शिंपला ओळखायच्या खुणा अशा: बिजागरीवर बंधाचे अवशेष, कडेला सालीचे तुकडे, आतला पृष्ठभाग गुळगुळीत, गाठींच्या कडा धारदार. जुना शिंपला आतून खडूसारखा निस्तेज होतो, त्यात स्पंज आणि किड्यांनी पाडलेली बारीक छिद्रं असतात आणि तो काही वेळा एकसारखा राखाडी असतो. नोंदीत ‘जिवंत’, ‘ताजा मृत’ आणि ‘जुनी झडप’ यातलं एक नक्की लिहा. पर्यटनस्थळी दुकानात विकत घेतलेल्या शिंपल्याला ठिकाण नसतंच, तो कुठूनही आलेला असतो. तो सरावाला वापरा, नोंदीत घालू नका.

नोंद

प्रत्येक नमुन्यासोबत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी ठेवा. शाई ओल्या शिंपल्याजवळ फुटते. चिठ्ठीवर खाडीचं नाव आणि जवळचं गाव, तारीख, ओहोटीची वेळ, तळ चिखल, वाळू की दोन्ही मिसळून, जिवंत की मृत, आणि डाव्या-उजव्या झडपेवरचे कंगोरे स्वतंत्र. त्याखाली लांबी, उंची, जाडी मिलिमीटरमध्ये. फोटो किमान पाच: दोन्ही झडपा बाहेरून, एक झडप आतून, बिजागरी जवळून, मिटलेला शिंपला चोचीकडून. बिजागरीचा फोटो काढताना झडप काळ्या कापडावर ठेवा आणि प्रकाश बाजूने द्या. समोरून फ्लॅश मारला की पांढऱ्या शिंपल्यावरचे पांढरे दात नाहीसे होतात, आणि जे कुळ ठरवतं तेच फोटोत उरत नाही.

दोन झडपा एकाच शिंपल्याच्या असतील तर त्या दोऱ्याने बांधून एकत्र ठेवा. सुट्या झडपा एका डब्यात मिसळल्या की डावी कोणाची आणि उजवी कोणाची हे पुन्हा कळत नाही, आणि झडपांची तुलना करून काढायचे सगळे निष्कर्ष तिथेच निकामी होतात.